आधी पारायण, मग पदन्यास
रुक्मिणीदेवींच्या नृत्य-रामायणामागील ग्रंथ, गुरू आणि संस्कार

चैत्र शुद्ध नवमीचा मध्यान्ह. कीर्तनकार बुवांचे आख्यान रामजन्मापाशी येऊन थबकते, पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हाती जाते, गुलाल उधळला जातो आणि सुंठवड्याचा प्रसाद हातोहात फिरतो. महाराष्ट्रातील श्रद्धाळू कुटुंबांना हा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. पाडव्याला गुढी उभारली की कित्येक घरांतून रामायणाचे पारायण सुरू होते. कोठे एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’ची पोथी निघते, कोठे रामरक्षेची आवर्तने होतात. रामकथा आपण वाचतो, ऐकतो आणि गातो. परंतु तीच कथा नृत्यातून पाहावयाची म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांचे मन किंचित अडखळते. पोथी वाचावयाची ती सोवळ्यात, आणि नृत्य हा तर करमणुकीचा विषय. या दोहोंचा मेळ बसावा कसा?

हा प्रश्न अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. देवादिकांच्या कथांवर नाच बसविणारे पुष्कळ असतात; त्या कथा मुळातून वाचणारे थोडे. परंतु विसाव्या शतकात दक्षिण भारतात असे एक कार्य झाले, की ज्यात पायांत घुंगरू बांधण्यापूर्वी हातात ग्रंथ घेतला गेला. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, ‘कलाक्षेत्र’ या संस्थेत श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी वाल्मीकि-रामायणावर सहा नृत्यनाट्यांची मालिका रचली. ‘सीता स्वयंवरम्’ हे तिचे पहिले पुष्प १९५५ साली रंगमंचावर आले आणि ‘महापट्टाभिषेकम्’ हे अखेरचे १९७० साली. मधली पंधरा वर्षे हे एका ग्रंथाचे जणू अखंड पारायणच होते.

योगायोग असा, की १९५५ सालच्या रामनवमीलाच पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे प्रक्षेपण सुरू झाले. त्याचाही आधार वाल्मीकीच. एकाच वर्षी आदिकवीच्या गंगेतून दोन ओंजळी भरल्या गेल्या; एक मराठी घराच्या कानांसाठी, दुसरी मद्रासच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी. पहिलीचे तीर्थ आपण सर्वांनी घेतले आहे. आजच्या पुण्यदिवशी दुसऱ्या ओंजळीची ओळख करून घ्यावी, आणि ती कोणत्या ग्रंथांतून, कोणत्या गुरूंकडून व कोणत्या संस्कारांतून भरली गेली हे पाहावे, असा आमचा मानस आहे.

संस्कृत घर आणि परदेशी आरसा

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुरा येथे झाला. वडील नीलकंठ शास्त्री व्यवसायाने अभियंते, पण वृत्तीने संस्कृतचे पंडित आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे अनुयायी. आई शेषम्माळ संगीताच्या भोक्त्या. घरी एकीकडे संस्कृत वाणी आणि दुसरीकडे सूर, अशा वातावरणात ही कन्या वाढली. पुढे कुटुंब मद्रासनजीक अड्यारला आले. तेथे डॉ. ॲनी बेझंट यांचा सहवास लाभला आणि १९२० साली डॉ. जॉर्ज अरुंडेल या इंग्रज थिऑसॉफिस्टाशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी या विवाहाने मद्रासच्या सनातनी समाजात मोठेच वादळ उठविले होते.

नृत्याची ओढ लागली ती मात्र एका रशियन नर्तिकेमुळे. जगद्विख्यात ॲना पाव्हलोव्हा हिच्याशी रुक्मिणीदेवींचा स्नेह जडला. तिच्या मंडळातील क्लिओ नॉर्डी हिच्याकडे त्यांनी बॅलेचे पहिले धडेही घेतले. परंतु पाव्हलोव्हानेच त्यांना सुचविले, की आपल्या देशाची कला आधी शोधावी. घरची तुळस पाहुण्याने दाखवून द्यावी, तसा हा प्रकार झाला.

१९३३ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीत पंदनल्लूरच्या परंपरेतील नर्तिकांचे नृत्य त्यांनी पाहिले आणि शोधाला दिशा मिळाली. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराशी संबंधित असलेल्या गौरी अम्माळ आणि पंदनल्लूरचे वयोवृद्ध नट्टुवनार मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै, या दोघांपाशी त्यांनी अध्ययन केले. १९३५ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरक महोत्सवी अधिवेशनात त्यांनी प्रथम जाहीर नृत्य केले, आणि १९३६ च्या आरंभी जी संस्था स्थापन केली तीच पुढे ‘कलाक्षेत्र’ या नावाने विख्यात झाली.

तंजावरचे ऋण

येथे मराठी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी एक गोष्ट आहे. मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै हे तंजावरच्या सुप्रसिद्ध चार बंधूंच्या वंशपरंपरेतले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चौघांनी आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा क्रम घालून दिला, असे मानले जाते. हे चौघे नावारूपास आले ते तंजावरच्या भोसले दरबारात; छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांच्या कारकिर्दीत. १७९८ ते १८३२ हा त्या विद्याव्यासंगी राजाचा राज्यकाल. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्याने जे वैभव प्राप्त करून दिले, ते सर्वश्रुतच आहे.

याच सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी ‘निरूपणे’ आहेत. ‘निरूपण’ हा शब्द आपल्या कानांना कीर्तनाचा वाटतो, आणि त्यात नवल नाही. जयजय, शरणु, अलारु येथपासून मंगलापर्यंत नृत्याचे निरनिराळे प्रकार एकामागून एक यावेत आणि त्या सर्वांतून एकच कथा पुढे सरकावी, अशी त्यांची योजना आहे. म्हणजे नृत्याच्या सुट्या सुट्या फुलांतून एका कथेचा हार गुंफावा, हा विचार तंजावरात मराठी भाषेत सव्वाशे-दीडशे वर्षे आधीच होऊन गेला होता. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ही निरूपणे पुन्हा नृत्यात बसविली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली, हे मराठी रसिकांना ठाऊक असेलच.

तंजावरच्या परिसरातील आणखी एक परंपरा रुक्मिणीदेवींच्या डोळ्यांसमोर होती. मेलट्टूर या गावी नृसिंह जयंतीच्या उत्सवात ‘भागवतमेळा’ होतो. ब्राह्मण पुरुष हेच त्यातील नट. स्त्रियांच्या भूमिकाही तेच करतात. भोसल्यांच्या राजवटीत होऊन गेलेल्या वेंकटराम शास्त्र्यांनी रचलेले ‘प्रह्लादचरित्र’ तेथे देवासमोर, देवासाठी खेळले जाते. नट रंगमंचावर नुसता येत नाही; आपल्या पात्राची ओळख सांगणाऱ्या गीताबरोबर, ज्याला ‘प्रवेश दरु’ म्हणतात, तो नाचत येतो. कोकणातील दशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर हे क्रमाने प्रवेश करतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पद्धतीचे मर्म सांगावयास नको. रामायण-मालिकेचे काम चालू असतानाच रुक्मिणीदेवींनी भागवतमेळ्यातील ‘उषा परिणयम्’ही कलाक्षेत्रात बसविले. नृत्य ही देवापुढची सेवा आहे, प्रेक्षक तिचा साक्षी मात्र, ही भागवतमेळ्याची धारणा त्यांच्या रामायणाच्या पाठीशी उभी आहे.

नव्वदीतील वाग्गेयकार

१९४४ साली ‘कुट्राल कुरवंजी’ हे तमिळ नृत्यनाट्य आणि १९४७ साली कालिदासाच्या काव्यावरील ‘कुमारसंभवम्’ कलाक्षेत्राने सादर केले. संस्कृत महाकाव्य नृत्याला पेलते, याचा प्रत्यय तेव्हाच आला असावा. परंतु रामायण ही गोष्टच निराळी. पाठ्य आणि गेय अशा दोन्ही अंगांनी ते मधुर आहे, असे त्याच्या बालकांडातच सांगितलेले आहे. कुशलवांनी ते वीणेच्या साथीने गाइले. म्हणजे या ग्रंथाला सूर बाहेरून लावावयाचा नसून आत दडलेला सूर काढून दाखवावयाचा होता. असे काम करणारा पुरुष संगीतज्ञ हवा, तसाच संस्कृतज्ञही हवा, आणि त्याहीपेक्षा रामभक्त हवा.

तो लाभला मैसूर वासुदेवाचार्यांच्या रूपाने. १८६५ साली जन्मलेले वासुदेवाचार्य हे मैसूर संस्थानचे आस्थानविद्वान, संस्कृत आणि तेलुगू या दोन्ही भाषांत कृती रचणारे वाग्गेयकार. त्यांचे गुरू पट्टणम् सुब्रह्मण्य अय्यर. त्यांचे गुरू मानंबुचावडी वेंकटसुब्बय्यर. आणि त्यांचे गुरू साक्षात् संतश्रेष्ठ त्यागराज. तंजावरजवळ तिरुवैयारूला कावेरीच्या तीरी बसून ज्यांनी आयुष्यभर रामाला आळविले, त्या त्यागराजांची ही चौथी पिढी. ‘सीता स्वयंवरम्’ रंगमंचावर आले तेव्हा आचार्यांचे वय नव्वद वर्षांचे होते!

ज्या वयात माणसे जपमाळ हाती घेऊन स्वस्थ बसतात, त्या वयात या वृद्धाने वाल्मीकीचे श्लोक एकेक करून पुन्हा वाचले, प्रत्येकाला राग दिला, ताल दिला. चोवीस हजार श्लोकांच्या ग्रंथातून रंगमंचावर येणार ते किती? पण जे येणार ते नेमके कोणते, हे ठरवावयाचे तर उरलेलेही मनःपूर्वक वाचावे लागतात. या ग्रंथकार्यात एस. शारदा या विदुषीचे साह्य रुक्मिणीदेवींना मिळत गेले.

१९६१ साली वासुदेवाचार्य कैलासवासी झाले. मालिका अपुरीच होती. अयोध्येचा राम वनात गेला होता; परत येऊन सिंहासनावर बसावयाचा होता. तेव्हा आचार्यांचे नातू एस. राजाराम यांनी आजोबांच्या हातची वीणा जणू उचलून घेतली आणि उरलेले संगीत पुरे केले. आपल्या एकनाथांच्या बाबतीत हेच घडले नव्हते काय? ‘भावार्थ रामायणा’च्या युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि नाथांनी देह ठेवला; पुढील ग्रंथ त्यांच्या शिष्याने, गावबाने, सिद्धीस नेला, अशी परंपरा आहे. रामकथा कोणा एकाच्या आयुष्यात मावत नाही. ती पुढच्याच्या हाती द्यावी लागते. आणि ती देता यावी म्हणून पुढचा माणूस आधी घडवून ठेवावा लागतो.

मूळ ग्रंथ काय म्हणतो?

ग्रंथ मुळातून वाचण्याने नृत्यात नेमका काय फरक पडतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी आपण वाल्मीकीतीलच तीन प्रसंग पाहू.

पहिला प्रसंग अहल्येचा. शिळा झालेली अहल्या रामाच्या चरणस्पर्शाने पुन्हा स्त्री झाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाल्मीकीच्या बालकांडात मात्र अहल्या शिळा होत नाही. ती कोणासही न दिसता, भस्मात पडून, केवळ वायूवर राहून तप करते. रामाच्या आगमनाने ती दृश्यमान होते. आणि तेव्हा राम-लक्ष्मण हेच तिच्या पायांना स्पर्श करून तिला वंदन करतात. शिळेची कथा नंतरच्या काव्यांतून आणि भक्तिग्रंथांतून आली. तिचाही भाव थोर आहे, त्यात शंका नाही. परंतु नर्तिकेच्या दृष्टीने या दोन कथा म्हणजे दोन भिन्न देह आहेत. शिळा दाखवावयाची तर निश्चलता हवी. तपस्विनी दाखवावयाची तर राखेखाली धुमसणारा अग्नी डोळ्यांत हवा. एका कथेत रामाची दृष्टी खाली वळते ती करुणेने, दुसरीत आदराने. ग्रंथ बदलला की मान कितपत झुकवावयाची तेही बदलते.

दुसरा प्रसंग शबरीचा. आपल्या शबरीची बोरे उष्टी आणि म्हणूनच गोड. वाल्मीकीची शबरी रामासाठी पंपातीरावरचे रानमेवे जपून ठेवते, पण चाखून पाहिल्याचा उल्लेख तेथे नाही. तेथे दुसरेच काही आहे, आणि तेही तितकेच हृदयंगम आहे. मतंग ऋषींचे शिष्य स्वर्गस्थ झाले. मागे राहिली ती त्यांची सेवा करणारी ही वृद्धा. ती रामाला आश्रम दाखविते. ही त्यांची यज्ञवेदी. ही त्यांनी वाहिलेली फुले, अद्याप कोमेजली नाहीत. ही झाडांवर वाळत घातलेली वल्कले, अद्याप ओलीच आहेत. गुरू गेले, पण शबरीसाठी काळ तेथेच थांबला आहे. राम आला, दर्शन झाले, आता थांबण्याचे कारण उरले नाही. त्याची अनुज्ञा घेऊन ती अग्नीत प्रवेश करते आणि आपल्या गुरूंच्या लोकी जाते. अभिनयाला याहून अधिक काय हवे? हाताने एक एक वस्तू दाखवीत जावयाचे, आणि प्रत्येक वस्तूबरोबर पाहणाऱ्याच्या मनात त्या न दिसणाऱ्या ऋषींना उभे करावयाचे. मालिकेच्या चौथ्या भागाचे नाव ‘शबरी मोक्षम्’ आहे, याचे मर्म मूळ अरण्यकांड वाचल्यावरच उमगते.

तिसरा प्रसंग चूडामणीचा. अशोकवनात सीता हनुमंताला आपला मणी देते, तो खुणेसाठी. परंतु सुंदरकांडाच्या अखेरीस राम तो मणी हृदयाशी धरून रडतो आणि सांगतो, की हा जनकराजाने विवाहाच्या वेळी वैदेहीला दिलेला. म्हणजे पाचव्या भागातील मणी हा पहिल्या भागातील विवाहमंडपातून आलेला आहे! दोन भागांच्या मध्ये राज्य गेले, वनवास आला, हरण झाले. पण मणी तोच राहिला. जिने एकेक नृत्य सुटे बसविले असते, तिच्या हाती ही साखळी लागली नसती. अखंड पारायण करणाऱ्यालाच ती दिसते.

सहा नावांचा बोध

आता मालिकेच्या सहाही भागांची नावे वाचकांनी क्रमाने वाचावीत: ‘सीता स्वयंवरम्’, ‘श्रीराम वनगमनम्’, ‘पादुका पट्टाभिषेकम्’, ‘शबरी मोक्षम्’, ‘चूडामणि प्रदानम्’ आणि ‘महापट्टाभिषेकम्’. यांत काय नाही ते पाहावे. यांत ‘वध’ नाही आणि ‘युद्ध’ही नाही. लढाई झाली, रावण पडला. पण कथेला नाव मिळाले ते देण्या-घेण्याचे, त्यागाचे, अभिषेकाचे. एकदा पादुकांना अभिषेक, एकदा रामाला.

याची थोरवी कळण्यासाठी केरळकडे पाहावे लागेल. सतराव्या शतकात कोट्टारक्करच्या राजाने रामकथेवर आठ रात्रींची आठ नाट्ये रचली. त्यांना ‘रामनाट्टम्’ म्हणतात आणि कथकळीचा उगम त्यांतच मानला जातो. त्या आठांत ‘सीतास्वयंवरम्’ आहे, तसेच ‘खरवधम्’, ‘बालिवधम्’, ‘तोरणयुद्धम्’ आणि ‘युद्धम्’ही आहेत. वीररसप्रधान कलेला ते शोभूनही दिसते. रुक्मिणीदेवींनी कथकळीचे ऋण मोकळ्या मनाने घेतले. अंबू पणिक्कर, चंदू पणिक्कर यांच्यासारखे कथकळीचे आचार्य कलाक्षेत्रात शिकवीत होते. चंदू पणिक्करांबरोबर केरळातून आलेली धनंजयन् आणि बालगोपालन् ही मुले पुढे या रामायणातील प्रमुख पुरुष-पात्रे साकारणारे नामांकित नर्तक झाली. भरतनाट्यम ही मुख्यतः एकट्या नर्तिकेची कला. तिच्यात हनुमंताचे उड्डाण आणि रावणाचा दर्प यावयाचा तर कथकळीचे बळकट अंग हवेच होते. अंग घेतले, पण दृष्टी मात्र आपली ठेवली. बळ कथकळीचे, आणि नाव मात्र चूडामणीचे.

वाल्मीकीने आपल्या काव्याला तीन नावे दिली आहेत: रामायण, सीतेचे महच्चरित आणि पौलस्त्यवध. या तिहींपैकी मधल्या नावाकडे रुक्मिणीदेवींचे मन ओढले होते, असे आम्हास वाटते. स्वयंवर सीतेचे, चूडामणी सीतेचा. आणि मालिका संपते ती राज्याभिषेकाच्या मंगल क्षणी. उत्तरकांडातील त्यागाकडे ती जात नाही. ‘गीतरामायण’ मात्र सीतात्यागापर्यंत जाऊन पोहोचते आणि आपल्या डोळ्यांत पाणी उभे करते. दोन्ही वाचने श्रद्धेचीच. आपल्या घरातील थोरली माणसेही पारायणाची समाप्ती अभिषेकाच्या सर्गावर करतात, कारण सांगता मंगल व्हावी. रुक्मिणीदेवींनी रंगमंचावर तोच कुलाचार पाळला.

एक आक्षेप, आणि त्याचा आदर

या कार्याचे कौतुक करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. ज्या देवदासींनी मंदिरांतून ही कला शतकानुशतके जिवंत ठेवली, त्यांच्याच हातून ती विसाव्या शतकात निसटली. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी-प्रथा कायद्याने बंद झाली. त्याआधी कित्येक वर्षे त्यांच्या नृत्याविरुद्ध चळवळ चालू होती. कला सुप्रतिष्ठित घरांत आली, पण ज्यांनी ती सांभाळली त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. त्या परंपरेतील थोर नर्तिका टी. बालसरस्वती यांचा रुक्मिणीदेवींशी मतभेद होता तो याच संदर्भात. नृत्यातील शृंगार गाळून ते ‘शुद्ध’ करावयाचे, ही कल्पनाच बालसरस्वतींना अमान्य होती; शृंगार हाच भक्तीचा परिपाक होऊ शकतो, असे त्या मानीत.

या वादात निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण वारकरी संप्रदायाच्या वाचकांना बालसरस्वतींचे म्हणणे परके वाटू नये. गवळणींतील मधुरा भक्ती आपण कीर्तनात टाळ वाजवून गातो. आणि गणिकेच्या पोटी जन्मलेली कान्होपात्रा पंढरीच्या राउळात विठ्ठलचरणी लीन झाली, तिच्या नावाने आपण हात जोडतो. मग गौरी अम्माळसारख्या गुरूंचे ऋण विसरून कसे चालेल? रुक्मिणीदेवींनी रामायणच का निवडले असावे, याचाही येथे थोडा उलगडा होतो. त्यांना संयमाचा शृंगार हवा होता. सीता-रामाच्या कथेत तो ओसंडत नाही, विरहातून मुरत जातो. एका मण्याकडे पाहून आलेले अश्रू, हाच त्या शृंगाराचा कळस.

वाचकांस विनंती

२४ फेब्रुवारी १९८६ रोजी रुक्मिणीदेवींचे देहावसान झाले. पुढे १९९३ सालच्या संसदेच्या कायद्याने कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. ही रामायण-मालिका त्यांच्यामागेही नव्या पिढीच्या नर्तकांनी पुन्हा पुन्हा सादर केली. ज्या शिष्याने एके काळी राम उभा केला, त्याने पुढे दुसऱ्या मुलाला राम शिकविला. एकनाथ आणि गावबा, वासुदेवाचार्य आणि राजाराम, गुरू आणि शिष्य. रामकथेची पालखी अशीच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात असते.

आरंभीचा प्रश्न असा होता, की पोथी आणि नृत्य यांचा मेळ बसावा कसा? आमच्या अल्प मतीप्रमाणे उत्तर असे, की नृत्यालाही पारायणाचे नियम लागू केले, तर दोहोंत भेद उरतच नाही. पारायण करणारा अक्षर गाळीत नाही, पदरचे घालीत नाही, आणि फलश्रुतीची घाई करीत नाही. पंधरा वर्षे ज्यांनी हे नियम पाळले, त्यांचे नृत्य हे वाचनच होय. फरक इतकाच, की ते मुखाने न होता सर्वांगाने झाले.

आज पुष्कळ घरांतील मुलीबाळी नृत्य शिकतात. त्यांच्या मातापित्यांस आमची एक विनंती आहे. घुंगरांबरोबर त्यांच्या हाती रामायणही द्यावे. या नवमीला शबरीचा एक सर्ग, मराठी अर्थासह, घरात मोठ्याने वाचावा. आणि वाचून झाल्यावर मुलीला विचारावे, की झाडावर वाळत घातलेली ती ओली वल्कले तू कशी दाखवशील? तिने हात उचलण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटले, तर तेवढ्यानेही आपल्या घरातील रामजन्म साजरा झाला असे समजावे.

॥ श्रीरामचंद्रार्पणमस्तु ॥